डब्याचं वजन वजा करून

गिरणीच्या दारावर पाटी होती: "येथे भेसळ होत नाही. करायचीच असल्यास आपापल्या घरी करावी."

पाटी गिरणीवाल्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती. नवं गिऱ्हाईक ती वाचून हसलं की गिरणीवाल्याची छाती दोन बोटं पुढे येई. पण पाटीत थट्टा होती तेवढाच खरेपणाही होता. एकाचं दळण उरकलं की जात्याच्या पोटात थोडं पीठ उरतंच. दुसरे गिरणीवाले ते खुशाल पुढच्याच्या डब्यात जाऊ देतात. हा मात्र गिरणी क्षणभर रिकामी फिरवायचा, पडेल ते कुंच्याने झाडून एका लाकडी पेटीत टाकायचा आणि मगच पुढचं दळण घ्यायचा. ते पीठ कुणाचंच नाही म्हणून तो त्याला 'बेवारस' म्हणे आणि शेजारच्या बाइंडरला खळ करायला फुकट देऊन टाकी. वजनाचंही तसंच. आधी रिकामा डबा काट्यावर, त्याचं वजन वजा, मग धान्य. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, एवढ्याने काय होतंय?" तर हा म्हणायचा, "एवढ्यानेच माणूस चोर होतो." अशा माणसाला लोक चोखकाका म्हणाले नसते तरच नवल.

चोखकाकाला मतंही होती, आणि मत आहे म्हटल्यावर ते गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून सांगायचं, ही त्याची खोड. नशेच्या मालावर नवा कडक कायदा आला आणि चौकाचौकांत "नशेला क्षमा नाही" असे फलक लागले, तेव्हा तो बाकावरच्या मंडळींना म्हणाला, "बरं झालं. असल्यांना दहा-दहा वर्षं आत टाकलं पाहिजे. पहिल्यांदाच चुकला, लेकरू आहे, असलं रडगाणं ऐकूनच घेऊ नये."

बाकावर सिस्टरबाई होत्या. इस्पितळातून निवृत्त होऊनही त्यांना सगळे सिस्टरबाईच म्हणत. त्या म्हणाल्या, "काका, आजारी माणसाला कोंडून ताप उतरतो का?"

"ताप नाही उतरत, मस्ती उतरते!"

हशा पिकला. बाइंडर तर मांडीवर थाप मारून हसला. काकाचा मुलगा तेव्हा आत पोती रचत होता. लहानपणी दिवसभर गिरणीत लोळून पांढराफटक होऊन घरी जायचा, म्हणून त्याला सगळे पिठ्या म्हणायचे, आणि मिसरूड फुटलं तरी तेच नाव राहिलं. त्या वेळी पिठ्या हसला की नाही, हे पुढे काकाने फार आठवून पाहिलं. आठवलं नाही. तेव्हा त्याचं लक्ष हशा मोजण्याकडे होतं.

पिठ्या घरोघर पार्सलं पोचवायचं काम करी. एका वळणावर गाडी घसरली आणि पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरने दुखण्यावर गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. कामावर तर जायलाच हवं होतं. मग नाक्यावरच्या कुणीतरी एक पुडी दिली, आणि पाठ महिनाभर गप्प बसली. त्यानंतर पाठ राहिली बाजूला, पुडीच बोलायला लागली.

घरच्यांना कळायला वेळ लागला. आधी आईच्या ध्यानात आलं. पोरगं जेवत नाही, चिडतं, डोळे वर करून बघत नाही. बापाने नेहमीच्या हिशेबाने उपाय केला. पोराला खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी आतून जो आवाज येऊ लागला तो माणसाचा वाटेना. पिठ्या ओकत होता, भिंतीवर डोकं आपटत होता, आईला हाका मारत होता. आईने कडी काढली. तो तिला ओलांडून गेला तो संध्याकाळी शांत होऊन परत आला, आणि त्या शांतपणाचीच दोघांना जास्त भीती वाटली.

काका सिस्टरबाईंकडे गेला. म्हणाला, "आमच्या ओळखीत एक जण आहे, त्याच्या पोराचं म्हणतोय मी."

सिस्टरबाई सगळं समजल्या, पण तसं त्यांनी तोंडावर दाखवलं नाही. म्हणाल्या, "एकदम तोडलं तर माणूस तुटतो. हळूहळू उतरवायचं असतं. सरकारी केंद्रात औषध देऊन उतरवतात. त्या ओळखीच्याला सांगा, लाजू नको, घेऊन जा."

काकाने या सल्ल्याचा अर्धा भाग घेतला. हळूहळू उतरवायचं, हे त्याला पटलं. केंद्रात न्यायचं मात्र त्याने टाळलं, आणि त्याचं कारण बायकोला असं सांगितलं: "केंद्राच्या दारात पोलीस उभे असतात म्हणे. नवा कायदा आहे. आत जाणाऱ्यांची नावं टिपतात, मग उचलतात." हे खरंही होतं. दोन पोरांना तसं उचललं होतं. पण खरं कारण त्याच्या पोटात होतं. केंद्र बाजाराच्या तोंडावर होतं, आणि चोखकाकाचा पोरगा तिथल्या रांगेत दिसला असता तर दारावरच्या पाटीला लोक वेगळ्याच कारणाने हसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोर हातातून जात होतं आणि हा मूठ धरून बसला होता.

मग त्याने आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. भेसळ केली.

पिठ्या पुड्या आणून गिरणीच्या माळ्यावर, जुन्या चाळण्यांच्या मागे लपवायचा. बापाला ती जागा सापडली होती. त्याने एक दिवस बायकोकडे घट्ट झाकणाचा डबा मागितला. "दुपारच्या चहाची बिस्किटं ठेवतो, मुंग्या लागतात." तिने कपाटातला एक डबा दिला. पिठ्या रांगता असताना तो डबा घेऊन पायरीवरून पडला होता, तेव्हापासून त्याच्या बुडाला पोचा होता. त्या डब्यात काकाने बेवारस पीठ घेतलं, अगदी बारीक चाळणीतून वस्त्रगाळ केलेलं, आणि पिठ्याची एक पुडी त्यात विरजणासारखी घातली. मग पोरगा कामावर गेला की माळ्यावरच्या पुडीतला माल डब्यात ओतायचा आणि डब्यातला पुडीत भरायचा. दर खेपेला डब्यात थोडं पीठ वाढवायचं. पुडीतला जोर तसतसा कमी. डबा मात्र भरत चालला. माळ्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या पोत्यांखाली, त्याने तो ठेवला होता. विष फेकून का दिलं नाही, असं पुढे एका वकीलबाईंनी विचारलं. फेकून देऊन पोराला रिकाम्या पुड्या कशा देणार? शिवाय उतरवायचं म्हणजे रोज मापाने उतरवायचं, आणि माप हा तर त्याचा प्रांत.

आणि ते साधत होतं!  पिठ्या आधी चिडचिडला, पुड्यावाल्याला शिव्या घालत फिरला. मग जेवायला लागला. रात्रीचा झोपू लागला. एकदा तर पोती उचलता उचलता शीळ घालत होता. आई म्हणाली, "हल्ली मागच्या खोलीत पीठ करपल्यासारखा वास येतो हो. काय जाळतो कोण जाणे." काका म्हणाला, "जाळू दे. आधीचा वास होता त्यापेक्षा बरा." आणि मनात म्हणाला, अजून महिनाभर, मग पुडीत नुसतंच पीठ असेल.

तो महिना काही मिळाला नाही.

पोलीस दुपारी आले. नाक्यावर छापा पडला होता. पुड्यावाला निसटला, नेहमीसारखा, पण पुडी घेताना पिठ्या सापडला. खिशात एक पुडी. तेवढ्यावर कायद्यात थोडी शिक्षा होती, केंद्रात पाठवायचीही सोय होती. पण पकडलेला पोरगा गिरणीवाल्याचा म्हटल्यावर पोलीस साहेब त्याला घेऊनच गिरणीच्या झडतीला आले. गिरणी बंद केली. घरघर थांबल्यावर बाकावरच्या माणसांचे श्वाससुद्धा ऐकू यायला लागले. दळणाला आलेली माणसं दारात उभी राहिली. बाइंडर तिथेच होता, त्याला पंच केलं. शिपाई माळ्यावर चढला आणि पोत्यांखालून डबा घेऊन खाली आला.

साहेबांनी झाकण काढलं. वास घेतला, चिमूट बोटांत चोळली. "हा कुणाचा?"

काकाची दातखीळ बसली. त्याने तोंड उघडलं होतं, हे त्याला पक्कं आठवतं. दारातली माणसं दिसत होती, त्यांच्या हातांतले डबे दिसत होते, वर पाटीची मागची बाजू दिसत होती. शब्द गळ्यापर्यंत आला आणि तिथेच बसला. पिठ्याने डब्याकडे पाहिलं. बुडाच्या पोच्याकडे पाहिलं. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काय समजायचं ते समजलं.

"माझा आहे," पिठ्या म्हणाला.

आणि बापाला, खोटं कशाला सांगा, सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. पुढचं सगळं आयुष्य त्याला त्या एका क्षणाचीच लाज वाटत राहिली.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "काटा आहे ना इथे? इथेच वजन करू." शिपायाने डबा काट्यावर ठेवला. पंच वाकून आकडा बघू लागला. आणि तेव्हा चोखकाकाच्या गळ्यात अडकलेला आवाज एकदाचा बाहेर आला. तो म्हणाला, "साहेब, डब्याचं वजन वजा करा."

पोराला बेड्या पडत होत्या आणि बाप काट्याचा नियम सांगत होता. हयातभराची सवय, जिभेने आपली आपण बोलून टाकलं. साहेब खूश झाले. "वा, काका! असं पाहिजे." डबा एका पांढऱ्या कागदावर रिकामा केला, डबा वेगळा तोलला, वजा केला, पुन्हा भरला, फडक्यात गुंडाळून लाखेने बंद केला. पिठ्या हे सगळं बघत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं. मग त्याला गाडीत घातलं.

पिठ्यासाठी काकाने गाठलेल्या वकीलबाई तरुण होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलायच्या. त्यांना काकाने दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काका, यात खरा माल असेल चमचाभर. बाकी तुमचं पीठ. पण कायदा डब्यात काय काय आहे ते बघत नाही. सगळं मिळून किती भरलं, तेवढंच बघतो. डब्याचं वजन वजा होतं. पिठाचं होत नाही."

"पण पीठ काय नशा करतं?"

"करत नाही. पण तुमच्या पिठाने हा गिऱ्हाइकाचा व्यापारी झाला. जितकं पीठ, तितकी वर्षं."

"मी कोर्टात सांगतो. मी केलं म्हणून सांगतो."

"सांगा. मग तुम्हीही आत जाल, त्याने कबूल केलंय म्हणून तोही आतच राहील. बाहेर काकू एकट्या. आधी विचार करा."

काकाने विचार केला. विचार करायला मिळाला याचंच त्याला बरं वाटलं, कारण विचार चालू आहे तोवर बोलावं लागत नाही. असे विचार फार लांबतात.

घरी बायकोने दुसराच धडा घेतला होता. पोरगं नशा करतं, हे तिने पदरात घेतलं होतं. आजारी आहे, बरं होईल. पण डबाभर विष, तेही बापाच्या गिरणीत, बापाच्या पिठात मिसळून, लोकांच्या पोरांना विकायला? ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या आईच्या घरात आग लावत होता तो. माझं तोंड बघायचं नाही म्हणावं. मी जाणार नाही भेटायला." आणि गेली नाही. पोराचं नाव निघालं की भांडी घासायला उठायची. एकदा तिने विचारलं, "अहो, तो बिस्किटांचा डबा आणा घरी, डाळ ठेवायला नाही." काका म्हणाला, "झाकण हरवलं, टाकून दिला." एवढं खोटं तो इतक्या सहज बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. भेसळ एकदा हाताला लागली की जिभेलाही लागते.

भेटीच्या दिवशी तो एकटा जायचा. मधे जाळी, पलीकडे पिठ्या. चेहरा फिकट, पण डोळे स्वच्छ.

"तो डबा..." काकाने सुरुवात केली.

"बाबा, हळू. भिंतींना कान नसतील, त्या शिपायाला आहेत." पिठ्या जाळीजवळ आला. "मला आधीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पुड्यांत आपलं पीठ आहे ते. आधी वाटलं नाक्यावरचा फसवतोय. मग एकदा चांदीच्या कागदावर ओतून खाली काडी धरली आणि करपल्याचा वास आला. आपल्या गिरणीच्या पिठाचा वास मला कळणार नाही? लोळलोय मी त्यात." तो हसला. "म्हटलं, आयला, चोखकाका भेसळ करतात! कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही लाजून थांबवलं असतंत. मी उतरत होतो ना, बाबा."

 काकाला वाटत होतं की आपण पोराला न कळत सोडवतोय. आणि पोरगा रोज, जाणूनबुजून, बापाच्या हातचं औषध घेत होता. डबा कुठे आहे हे तेवढं त्याला ठाऊक नव्हतं, पण तो समोर आल्यावर ओळखायला त्याला पळभरही लागला नव्हता.

"आई का येत नाही?" पिठ्याने विचारलं.

"गुडघे," काका म्हणाला. "गुडघे दुखतात तिचे. इथवर चालवत नाही."

"तेल लावा म्हणावं," पिठ्या म्हणाला. पुढच्या प्रत्येक भेटीत तो आधी गुडघ्यांची चौकशी करायचा, आणि बाप प्रत्येक वेळी त्या धडधाकट गुडघ्यांची नवी नवी दुखणी सांगायचा.

खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी तपासणीचा निष्कर्ष वाचला: डब्यात बहुतांश गव्हाचं पीठ. ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "महाराज, स्वतः नशा करणारा आपल्या मालात पीठ कशाला घालील? भेसळ करतो तो विकणारा. आरोपीने वडिलांच्या प्रामाणिक गिरणीचा आडोसा घेऊन हा धंदा मांडला." सगळ्यांनी काकाकडे बघून मान हलवली. बिचारा बाप.

तेव्हा बिचारा बाप उठला. वकीलबाईंनी हात ओढला, तो त्याने सोडवला. "महाराज, डबा माझा आहे. पीठ मी घातलं. पोराची नशा उतरवायला घातलं. त्याने नाही, मी."

कोर्टात कुजबूज झाली. न्यायाधीशांनी त्याला पिंजऱ्यात बोलावलं, शपथ दिली, सगळं सांगू दिलं. त्याने सांगितलं. विरजणापासून शेवटच्या चाळणीपर्यंत. मग सरकारी वकिलांनी बाइंडरला पुन्हा उभं केलं. तो जन्माचा शेजारी. त्याला पोराचं नव्हे तर बापाचं वाईट वाटत होतं, आणि बापाला वाचवायचंच या हिरिरीने तो बोलला.

"महाराज, या माणसाने भेसळ करणं शक्य नाही. दुसऱ्याचं कणभर पीठ तिसऱ्याच्या डब्यात जाऊ देत नाही हा. झडतीच्या दिवशी पोराला पकडलं होतं तरी म्हणाला, डब्याचं वजन वजा करा! माझ्यासमोर म्हणाला. डबा त्याचा असता तर तोंड लपवून बसला असता, काट्याचा नियम कशाला सांगितला असता?"

पोलीस साहेबांनीही मान डोलावली. "खरं आहे महाराज. त्या वेळी विचारलं तेव्हा ते गप्प होते. मुलाने स्वतः कबूल केलं."

न्यायाधीशांनी पिठ्याला विचारलं. पिठ्या म्हणाला, "महाराज, बाप आहेत ते. माझ्यासाठी खोटं बोलतायत. आयुष्यात पहिल्यांदाच बोलतायत, म्हणून नीट जमत नाहीये."

कोर्टात लोक हसले. काहींनी डोळेही पुसले. न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "या वडिलांची माया मला दिसते. पण इतक्या वजनाला दहा वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मुभा कायद्याने मला ठेवलेली नाही. माझे हात बांधलेले आहेत." दहा वर्षं. बाकावरच्या मंडळींसमोर काकाने मोठ्या तोंडाने मागितली होती, तेवढीच.

बाहेर माणसं काकाभोवती जमली. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी पायाला हात लावला. "बाप असावा तर असा," बाइंडर रडत म्हणाला. "पोरासाठी भर कोर्टात स्वतःचं नाव काळं करायला निघाला." काका त्या गर्दीत मान खाली घालून उभा होता. लोकांना तो विनय वाटला. सिस्टरबाई तेवढ्या लांब उभ्या होत्या. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायची त्याची छाती झाली नाही. आणि नाक्यावरून परतताना त्याने पाहिलं, पुड्यावाला आपल्या जागेवर परत आला होता, भिंतीला पाय टेकून उभा, फलकाच्या सावलीत.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. बातमी त्याच्याआधीच पोचली होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "नाटक केलंत म्हणे कोर्टात. कशाला पाठीशी घालता त्याला?"

"नाटक नव्हतं. डबा माझा होता."

"पुरे झालं."

"अगं, खरंच माझा होता. मी कालवत होतो. त्याची उतरवायला. पीठ करपल्याचा वास यायचा म्हणालीस ना, तो..."

"अहो, पुरे म्हटलं ना! दुनियेला फसवा, मला नको. पोराची बाजू घ्यायची म्हणून काहीही बोलाल."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तरुणपणी कधी बसला नव्हता असा. "पोलिसांनी नेला तो डबा तू पाहिला नाहीस. फडक्यात बांधून नेला. बुडाला पोचा होता त्याच्या. पिठ्या पायरीवरून पडला होता तो डबा घेऊन. तूच दिलास मला. मी बिस्किटांना म्हणून मागितला होता."

तिचे हात थांबले.

"झाकण हरवलं म्हणालात."

"झाकण हरवलं नव्हतं. बिस्किटं कधी नव्हतीच. साहेबांनी विचारलं, कुणाचा, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याने तुझा डबा ओळखला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, माझा आहे. लोक उभे होते दारात. मला लाज वाटली गं. पोराची नव्हे, लोकांची."

 त्याला वाटलं ती ओरडेल, मारेल. तसं काही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हातातली घडी पूर्ण केली. पिठ्याचा सदरा होता तो. न भेटता, नाव न काढता, इतके महिने ती त्याचे कपडे धूत आणि घड्या घालत होती, हे काकाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मी का येत नाही असं त्याने विचारलं असेल," ती म्हणाली.

"दर वेळी विचारतो."

"काय सांगितलंत?"

 

"गुडघे दुखतात म्हणून सांगितलं."

तिने सदरा पिशवीत घातला. कोनाड्यातून चपला काढल्या आणि खाली न बसता, भिंतीला हात न लावता, एकेका पायावर उभी राहून घातल्या. काका लगबगीने उठला, खुंटीवरची टोपी घेऊ लागला.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "माझे गुडघे ठणठणीत आहेत."